पंखाखाली पाहायचं राहिलं

आमच्या घरी माझ्या नोकरीच्या गोष्टी सगळ्यांना पाठ आहेत. पाहुणे जेवून उठले, सुपारीचा डबा फिरला की बायको आतून फर्मावते, "त्याइले रेड्याची सांगा जी." लगेच दोन्ही पोरी एकमेकींना कोपरं मारतात, कारण रेड्याच्या गोष्टीत शेवटी मी उकिरड्यात असतो. वळूच्या गोष्टीत मी चिंचेवर असतो आणि खाली वळू. करडी गावच्या म्हशीच्या गोष्टीत माझी सरकारी खाकी पँट असते, मी तिच्यात नसतो. गुरांच्या दवाखान्यात इतकी वर्षं काढली, पण या गोष्टी ऐकून कुणालाही वाटावं की उपचार जनावरांनीच माझ्यावर केले.

पोपटाची गोष्ट मात्र मी बैठकीत कधी सांगितली नाही. बायकोला ती ठाऊक आहे, पण तिनंही कधी फर्मावली नाही. यंदा एका दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं, 'नोकरीतले अनुभव लिहा, जरा हलकेफुलके.' रेड्याची लिहायला बसलो, दोन पानं झाली, आणि हात आपोआप पोपटाकडे वळला. संपादकांनी क्षमा करावी.

आधी धंद्याचं सांगतो. मी डॉक्टर नाही, ड्रेसर. म्हणजे जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, औषधं काढून द्यायची, आणि मुख्य म्हणजे डॉक्टरसाहेब सुई टोचत असताना जनावर धरायचं. पण खेड्यात दवाखान्याच्या आतून जो बाहेर येतो तो डॉक्टर. पहिली दोन वर्षं मी प्रत्येकाला सांगत असे, "डॉक्टर नाही हो, ड्रेसर." तिसऱ्या वर्षापासून सांगायचं सोडलं. ऐकायला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू!

दवाखाना पवनीहून लाखांदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात होता. कौलारू दोन खोल्या आणि अंगणात लाकडी खोडा. चार खांब, आडव्या बल्ल्या, मधे जनावर उभं करून जखडायचं. साहेबांकडे दोन दवाखान्यांचा कारभार, ते आठवड्यातून दोनदा यायचे. उरलेले दिवस मी, औषधांचं कपाट आणि लोकांचा विश्वास.

माझ्या आधीचा ड्रेसर एक म्हातारा होता, एका डोळ्यानं अधू. निवृत्त होताना त्यानं मला सगळं शास्त्र चार शब्दांत दिलं: "आधी बांध, मग बघ." मी विचारलं, आधी पाहिलं तर काय होतं? त्यानं गेलेल्या डोळ्यावर बोट ठेवलं. "मी आधी पाह्यलं होतं."

हे चार शब्द मी गिरवले. वेसण कशी धरायची, पाय कुठं दोर टाकून ओढला की बैल आपल्या मनानं बसतो, डोळ्यांवर पोतं टाकलं की मारकी म्हैस कशी उभी राहते, यात मी तयार झालो. लाखांदूरच्या बाजारात लोक मला ओळखायचे ते औषधासाठी नाही, बांधण्यासाठी. साहेबांचंही एक वाक्य होतं. "चावणारं जनावर दोनच कारणांनी चावतं, दुखतं म्हणून किंवा भीती वाटते म्हणून." हे वाक्य मी शेतकऱ्यांना त्यांच्याच आवाजात ऐकवत असे. ऐकवणं सोपं असतं.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची गोष्ट. धानकापणी चालू होती, दवाखान्यात चिटपाखरू नव्हतं. शेवंताबाई नावाची गावातलीच एक बाई पायरीशी येऊन उभी राहिली. उजव्या हाताच्या बोटाला चिंधी, डाव्या हाताच्या अंगठ्याला दुसरी.

मी म्हणालो, "बाई, हा गुरांचा दवाखाना आहे. माणसांचा पुढं."

"मायं बोट नाही दाखवून राहिली जी. पोपट दाखवाचा हाय. पन त्याले आनाव कोनी? तुमीच चाला."

त्या काळी दर दोन घरांआड एक पिंजरा असायचा. मोहाच्या ढोलीतून पिल्लू काढायचं, मिरच्या खाऊ घालायच्या, राम राम शिकवायचं. पोपट चावला तर कुणी दवाखान्यात येत नसे. पण शेवंताबाई बिड्या बांधायची. सकाळपासून अंधार पडेपर्यंत मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तेंदूची पानं, बाजूला कात्री आणि दोऱ्याचं रीळ. पान फर्म्यावर ठेवून कापायचं, चिमूट तंबाखू भरून वळायचं, टोक नखानं दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. हे सगळं दोन हातांच्या सहा बोटांवर. त्यातली दोन कामातून गेली होती.

पिंजरा सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, ती बसायची तिथंच वर टांगलेला. राघू मोठा होता, गळ्यात तांबडी कंठी. मी चार हातांवर असतानाच त्यानं पिसं फुगवली आणि तारेवर चोच आपटली. आम्ही बाहेर उभे राहून बोललो.

तो तिच्या मोठ्या बहिणीचा होता, पारबताचा. पारबता पवनीला दिलेली. तिला छातीचा रोग झाला, नागपूरच्या दवाखान्यात चार महिने होती, तिथंच गेली. वर्षाच्या आत नवऱ्यानं दुसरी केली. नवी म्हणाली, हा पोपट माझ्या अंगावर येतो, याला घरात ठेवणार नाही. पारबताची एक लहान लेक होती, ती बापापाशीच राहिली. शेवंताबाईच्या वाट्याला राघू आला आणि बहिणीचं एक हिरवं लुगडं, तांबड्या काठाचं. त्याच लुगड्याखाली पिंजरा झाकून तिनं तो एस.टी.तून आणला होता.

"पारबताच्या हातावर बसे जी हा. तिच्या तोंडातला दाना खाये. अन् माया हात दिसला का धावते. दोन महिने झाले, दिवसेदिवस वाढूनच राहिलं."

तेवढ्यात तिचा नवरा लक्ष्मण खांद्यावर विळा टाकून आला. "डॉक्टरभाऊ, गोऱ्हा मारकुटा निघाला त तुमी बडवता ना त्याले? मंग होते ना गरीब? तसं याचं करून टाका."

बडवणं म्हणजे खच्ची करणं, आणि पोपटाला बडवायचं झालं तर नेमकं कुठं, हे मला ठाऊक नव्हतं. मी गंभीरपणे म्हणालो, "नियमात नाही."

"मंग मी पाहातो माया नियम," लक्ष्मण म्हणाला. "बाईचे बोटं गेले त घरात पेज शिजनार नाही. आठ दिवस देतो. नाही सुधरला त मान मुरगाळतो."

तो आत गेला. शेवंताबाईनं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"डॉक्टरभाऊ, मले एवढंच सांगा. हा बीमार हाय, का मायी बहीण रागावली हाय मायावर?"

मला कळलं नाही. मग तिनं सांगितलं. पारबतानं नागपूरहून दोनदा निरोप धाडला होता, येऊन जा म्हणून. ही गेली नाही. लेकरू अंगावरचं होतं, बिड्यांचा माल द्यायचा होता. "अन् खरं सांगू का जी, भेव वाटे. तो रोग लागते म्हनते. मंग ती मेली. आता शेजारच्या बाया म्हनते, राघूच्या आंगात पारबता हाय, तुलेच चावते, दुसऱ्याले नाही. तिचं लुगडं बी मी आंगाले लावलं नाही अजून. पेटीत हाय. हिंमत होत नाही."

आज इतक्या वर्षांनी मी त्या सपरीत उभ्या असलेल्या त्या खाकी माणसाकडे पाहतो, तेव्हा त्याचा कान धरावासा वाटतो. तिनं फक्त दोन गोष्टींतली एक निवडून मागितली होती. 'मला पोपटातलं कळत नाही, साहेब परवा येतील, त्यांना विचारू,' एवढं म्हणायचं होतं. पण तसं म्हणायला मी ड्रेसर असायला हवा होतो, आणि मला डॉक्टर होऊन पाच वर्षं झाली होती.

मी मान तिरपी करून पिंजऱ्यात पाहिलं आणि म्हणालो, "बीमार काही नाही. चोच वाढली आहे. टोक काढलं की चावणार नाही."

'बीमार नाही' म्हटल्यावर दोनातलं काय उरलं, ते माझ्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. सोबत खूर कापायच्या पकडींतली सर्वांत लहान पक्कड आणि जाड पोत्याचा तुकडा. बांधण्यात मी उस्ताद. पिंजऱ्यात पोतं घालून राघूला एका झपाट्यात गुंडाळलं, फक्त डोकं बाहेर ठेवलं, गाठोडं दोन गुडघ्यांत दाबलं. शेवंताबाई म्हणाली, "बाप्पा, किती लवकर धरला!" मला गुदगुल्या झाल्या.

शिंगाचं टोक कापलं तर रक्त येत नाही. खुराची कड तासली तर येत नाही. चोच दिसायला शिंगासारखीच. मी पक्कड लावली आणि दाबली.

रक्त आलं. पोत्यावर, माझ्या गुडघ्यावर. मी लाल दवेचे खडे दाबून धरले, पुष्कळ वेळानं ते थांबलं. राघू ओरडला नाही. जनावराला सोसवेनासं झालं की ते ओरडत नाही, गप्प होतं, हे मी बैलांत कितीदा पाहिलं होतं. त्या दिवशी आठवलं नाही. मी म्हणालो, "पाहा, कसा शांत झाला."

आणि तो खरंच शांत झाला. हात जवळ नेला तरी धावेना. एका कोपऱ्यात फुगून बसायचा, दाणा फोडता येत नव्हता, शेवंताबाई भात कुस्करून बोटावर द्यायची तेवढा घ्यायचा. गावभर झालं की डॉक्टरभाऊनं राघू सुधारला. लक्ष्मणानं दवाखान्यात येऊन माझ्यासाठी एक भोपळा ठेवला. पुढच्या पंधरा दिवसांत शेजारच्या गावच्या तलाठ्यानं आपला पोपट पाठवला, मग एका चहावाल्यानं. दोघांच्याही चोची मी कापल्या, जरा कमी कापल्या, रक्त आलं नाही. घरी बायकोला सांगितलं, "आता पाखरं बी हात जोडते मले." ती म्हणाली, "पाखराले हात कुठी असते जी?" मी हसलो. ती हसली नव्हती.

महिना झाला असेल. साहेबांचा यायचा दिवस होता. शेवंताबाई पिंजरा घेऊन आली. राघू पिंजऱ्याच्या तळाशी कुशीवर पडलेला, अजून गरम होता, पण गेलेला. ती पायरीवर बसून राहिली. मी त्याला आत टेबलावर नेला.

साहेब हात धूत होते. पुसत पुसत आले. चोचीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नंतर त्यांनी जे केलं त्याला दोन क्षणही लागले नाहीत. दोन बोटांनी राघूचा उजवा पंख उचलला.

पंखाखाली, काखेत, बोराएवढी गाठ होती. फुटलेली, आत पू, आणि पुवाच्या मधोमध एक पीस, आतल्या आत उलटं वाढलेलं. साहेबांनी चिमट्यानं ते बाहेर काढलं. करंगळीएवढं निघालं.

"कुणी तरी याची पिसं कापली नाहीत, उपटलीत," साहेब म्हणाले. "उडू नये म्हणून. नवीन पीस बाहेर यायला वाट सापडली नाही. महिन्यांमहिने वाढत होतं हे. पंख हलला की ठणका. कुणी हात जवळ आणला, की पंख हलणार."

पारबता नागपुरात असताना पवनीच्या घरात कुणी तरी उपटली असतील. आणि इथं आल्यावर सगळ्यांत जवळ हात जायचा तो खाऊ घालणाऱ्या शेवंताबाईचा. म्हणून तिलाच चावायचा.

मी त्याला गुडघ्यांत दाबून धरला होता तेव्हा ती गाठ माझ्या उजव्या मांडीखाली होती. पोत्याच्या एका पदराआड. बांधला मी उत्तम. बघायचं राहिलं.

"बाहेर जाऊन तिला सांग," साहेब म्हणाले आणि मोरीकडे वळले.

मी बाहेर आलो. शेवंताबाई उठून उभी राहिली.

"काय झालं होतं जी?"

साहेबांच्या परवानगीशिवाय पक्कड चालवली होती. गावात नाव झालं होतं. तलाठ्याचा पोपट अजून घरी मोडक्या चोचीनं खात होता. हे सगळं त्या दोन पायऱ्यांत माझ्या डोक्यात येऊन गेलं.

"वय झालं होतं," मी म्हणालो.

तिनं रिकाम्या पिंजऱ्याचं दार लावलं. "आठ दिवस झाले, मायाकडे पाठ करून बसे. भात दिला त तोंड फिरवे. जाताना बी तसाच गेला." मग म्हणाली, "म्हंजे तिचा राग गेला नाही."

मी काहीच बोललो नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मी जे काही केलं आणि जे काही केलं नाही, त्यात हे न बोलणं सर्वांत मोठं.

साहेबांनी मला आत बोलावून जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. ते मला मिळायला हवंच होतं. त्यानंतर मी कुठल्याही पोपटाच्या चोचीला हात लावला नाही. म्हशींकडे परतलो. पुढं कुणी 'डॉक्टर' म्हटलं की मी पुन्हा सांगायला लागलो, "ड्रेसर." लोकांना वाटलं, हा विनयी झाला.

पण शेवंताबाईला सांगणं झालं नाही. लहान गाव. ती विहिरीवर दिसायची, बाजारात दिसायची. दिसली की मी उगाच सायकलची चेन तपासत असे. आमची ही एकदा म्हणाली, "तुमच्या सायकलचे चेन त्या बाईले पाहूनच काहून उतरते जी?" तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मले सांगून का फायदा?" गावातल्या गोष्टी तिच्या कानावर असत. तिच्याकडूनच कळलं की शेवंताबाई राघू मेल्यापासून पवनीला गेलीच नव्हती. पारबताच्या लेकीचा दोनदा निरोप आला, मावशीला बोलवा म्हणून. शेवंताबाई म्हणायची, पारबताच्या उंबऱ्यात मला पाय ठेवता येत नाही. पोर सावत्र आईच्या हाताखाली वाढत राहिली.

असे निरोप दोनदा येतात आणि माणसं जात नाहीत. एकदा पारबताचे, एकदा तिच्या लेकीचे. पहिल्या वेळी दोष शेवंताबाईच्या भीतीचा होता. दुसऱ्या वेळचा माझा.

नऊ वर्षं गेली. सत्त्याऐंशी साली माझी बदली झाली. सामान बांधून झालं. बायको म्हणाली, "सगळं बांधलं जी तुमी. आता जाऊन पाहून या." मी गेलो.

शेवंताबाई सपरीतच होती. केस पिकले होते, सूप तेच असावं. वरचा खिळा रिकामा होता. "या डॉक्टरभाऊ. चालले म्हनते गाव सोडून?"

"बाई, तो राघू बीमार होता," मी उभ्या उभ्याच म्हणालो.

तिचे हात थांबले नाहीत. "कोनता राघू?" म्हणाली, पण तिला कळलं होतं.

मी सगळं सांगितलं. पंखाखालची गाठ, उलटं पीस. मी न पाहता 'बीमार नाही' म्हणालो ते. चोच विनाकारण कापली, आणि त्यानंतर त्याला धड खाता आलं नाही ते. पायरीवर 'वय झालं' म्हणालो ते. मधे ती एकदाच थांबली, बोटात अर्धी वळलेली बिडी.

"म्हंजे हात जवळ नेला का त्याले दुखे. म्हनून चावे?"

"हो."

"मायावर राग नव्हता?"

"पोपटाला नव्हता," मी म्हणालो. "बहिणीचं मला माहीत नाही." एवढं तरी मी शिकलो होतो.

तिनं मान वर केली. "तुमी त्याले बांधलं, पन पाह्यलं नाही."

"नाही पाहिलं."

"मीबी नाही पाह्यलं तिले," ती म्हणाली.

मग तिनं ती अर्धी बिडी पुरी वळली, दोरा गुंडाळला, दातानं तोडला. "नऊ वर्स लावले जी सांगाले. चोच तुमचीच कापाले पाह्यजे होती." हे ती हसून म्हणाली नाही. नंतर आत वळून सुनेला म्हणाली, "चाय ठेव वो, डॉक्टरभाऊ आले." चहा मी प्यायलो. कसा होता ते आठवत नाही.

चार दिवसांनी आम्ही सामानासह एस.टी.च्या थांब्यावर उभे होतो. समोरच्या बाजूला पवनीच्या गाडीसाठी शेवंताबाई उभी होती, हातात एक पिशवी. अंगावर हिरवं लुगडं, तांबड्या काठाचं. बायकोनं ते माझ्या आधी ओळखलं, ती लगबगीनं रस्ता ओलांडून गेली. मी मागं राहिलो. दोघींचं बोलणं चाललं होतं. गाडी आली. चढताना शेवंताबाईनं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली की नाही ते सांगता येत नाही.

बायको परत आली. "भाचीले पाहाले चालली," म्हणाली. "तिचं मागच्या साली पवनीतच लगीन बी होऊन गेलं म्हनते. हिले उशिरा कळलं."

गाडी वळून अगदी आमच्या अंगाजवळून गेली तेव्हा खिडकीत तिचा खांदा दिसला. लुगडं इतकी वर्षं पेटीत घडी करून पडलेलं. जिथं जिथं घडी होती तिथं तिथं ते विरलं होतं, सरळ रेषेत. आणि त्या प्रत्येक रेषेवर बारीक टाके घातले होते, बिडीच्या दोऱ्याचे.